अलिबागला एका दिवसात, तेही निवांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याकडचे नातेवाईक, त्यांचे मित्र, त्या मित्रांच्या ऑफिसातली मंडळी, कुणीही अलिबागला निघालं की आधी आम्हा इथल्यांना फोन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांसाठी आहेत. राहणाऱ्यांचं गणित वेगळं.

एका दिवसात अलिबाग पाहून होतं का?

होतं, पण अलिबाग म्हणजे नक्की काय हे आधी घरात ठरवा. अलिबाग, नागाव, रेवदंडा, कोर्लई, काशीद आणि जमलंच तर जंजिरा अशी यादी घेऊन येणारे खूप भेटतात. मुरूड इथून दक्षिणेला आणखी पन्नासेक किलोमीटर आहे आणि रस्ता गावागावांतून जातो. अशा सहलीत समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसतो.

निवांत दिवस म्हणजे अलिबागसमोर समुद्रात असलेला कुलाबा किल्ला, पोटभर जेवण, उन्हाच्या वेळी सावली, मग गावात एक फेरी आणि संध्याकाळी वाळूत बसणं. याला जोड म्हणून फार तर एक ठिकाण.

कोणता वार बरा?

वाराआधी तिथी बघा. शनिवार-रविवारी गर्दी असते, हे सांगायला माझी गरज नाही. पण किल्ल्यात चालत जायचं असेल तर समुद्र केव्हा ओसरतो यावर सगळा दिवस बांधावा लागतो, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरात दिसतं.

आमच्याकडची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास पुढे सरकलेली असते, तेवढी सूट धरा. नक्की वेळ हवी असेल तर मुंबईचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा, अलिबागला ते जवळपास तसंच लागू पडतं.

आता या हिशेबातली खोच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी चढतं खूप आणि ओसरतंही खूप, पण ओसरतं ते भल्या पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. किल्ला बघून परतेपर्यंत अंधार होणार, म्हणजे एका दिवसाच्या सहलीला ते बिनकामाचं. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी येते, ऐकायला सोयीची वाटते. पण अष्टमी-नवमीला भांग असतो, समुद्र अर्धवटच मागे जातो आणि वाटेत गुडघ्याएवढं पाणी राहू शकतं. माझ्या मते सर्वात चांगल्या तिथी तृतीया, चतुर्थी आणि पंचमी. सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी पुरेसं मागे गेलेलं असतं, ऊन चढायच्या आत किल्ला होतो आणि उरलेला दिवस मोकळा. दुसरा पर्याय एकादशी-द्वादशीचा. तेव्हा ओहोटी दुपारी अडीच ते चारच्या सुमारास, म्हणजे आधी जेवण आणि मग किल्ला.

संकष्टीला उपास असणाऱ्यांनी मात्र मासळीच्या थाळीचं काय करायचं ते घरूनच ठरवून यावं.

मुंबईहून लाँचने यावं की गाडीने?

लाँचने. यात माझं मत पक्कं आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच साधारण तासाभरात येते. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, आणि काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच पुढची बसही असते. तिकीट काढताना "बस धरून आहे का?" एवढं विचारा आणि ते तिकीट फेकू नका, बसमध्ये चढताना दाखवावं लागतं. वरच्या डेकवर बसायचे थोडे जास्त पैसे पडतात. मागे येणाऱ्या पक्ष्यांना कुरकुरीत पदार्थ भिरकावण्याची एक प्रथा पडली आहे, ती तुम्ही पाळली नाहीत तर उत्तम.

गाडी आणायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे. ती मार्च २०२० पासून सुरू आहे आणि तीत गाडीसकट मांडव्याला उतरता येतं. जागा आधी राखून ठेवा.

रस्त्याने मुंबईहून साधारण शंभर किलोमीटर पडतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून पनवेलच्या अलीकडची रखडपट्टी वाचते. पण सेतूने वाचवलेला वेळ शनिवारी सकाळी वडखळच्या पुढे खर्ची पडतो. वडखळ-पोयनाड-अलिबाग हा रस्ता सुट्टीच्या दिवशी किती वेळ घेईल, हे इथला कुणीही छातीठोकपणे सांगणार नाही.

पुण्याहून?

खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. एसटी आहे, स्वतःची गाडी असेल तर पहाटे निघा. ओहोटी सकाळची असेल तर पुणेकरांची ओढाताण होते, त्यांनी एकादशी-द्वादशीच धरावी.

रेल्वेने येता येतं का?

जवळचं स्टेशन पेण. तिथून एसटी. दमायला होतं.

किल्ल्यात पाहण्यासारखं काय आहे? नुसत्या भिंतीच आहेत ना?

भिंतीच आहेत, पण त्या नीट पाहा. किल्ल्याचं काम १६८० मध्ये, शिवाजी महाराजांच्या आयुष्यातल्या शेवटच्या वर्षी, सुरू झालं आणि पुढे संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तटाजवळ गेलात की दोन चिऱ्यांच्या सांध्यात बोट घालून बघा, चुना लागत नाही. प्रचंड दगड नुसते एकावर एक रचले आहेत. लाट येऊन आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथेच मरतो आणि तटाला धक्का कमी बसतो. साडेतीनशे वर्षं रोज दोनदा भरती खाऊन हा तट उभा आहे.

महादरवाजाचं तोंड गावाकडे आहे, उघड्या समुद्राकडे नाही. दरवाजावर वाघ, हत्ती, मोर कोरलेले आहेत. घाईत आत शिरणारे ते हमखास चुकवतात. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. शेजारी पुष्करणी, आणि चहूबाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर. वेढ्याच्या काळात या विहिरीची किंमत काय असेल, हे तिथे तहान लागल्यावर आपोआप कळतं.

उत्तरेच्या बाजूला चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन तोफा आहेत. सगळे त्यांच्यापाशी फोटो काढतात आणि "आंग्र्यांच्या तोफा" म्हणून पाठवतात. तोफेवरची अक्षरं वाचा: १८४९ साल आणि इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान कंपनी सरकारने १८४० मध्येच खालसा केलं होतं. म्हणजे या तोफा आल्या तेव्हा किल्ल्यावरून कुणावर डागायची वेळच उरली नव्हती.

खरी धामधूम त्याच्या सव्वाशे वर्षं आधीची. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांवर डोळा ठेवून असणारे, कान्होजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले. कमोडोर मॅथ्यूजची जहाजं समुद्रातून आणि पोर्तुगीजांची सहा हजारांची फौज जमिनीवरून, असा बेत होता. तो फसला आणि कुलाबा घेता आला नाही. दर्या बुरुजावर उभं राहिलं की समुद्राकडून येणारं जहाज किती लांबून दिसत असेल याचा अंदाज येतो.

चालत किती वेळ लागतो? परतताना अडकण्याची भीती आहे का?

किनाऱ्यावरून वीसेक मिनिटं. भीती आहे, आणि ती घड्याळ न बघणाऱ्यांना आहे. ओहोटीच्या वेळेआधी तास-दीड तास निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत वाळूवर या. भरती समोरून लाट होऊन येत नाही. किल्ल्याच्या आणि किनाऱ्याच्या मधली सखल जागा आधी भरते, तुम्ही कोरड्यावर उभे असता आणि परतीच्या वाटेवर पाणी आलेलं असतं. किल्ल्यापाशी बसलेले विक्रेते आवराआवर करायला लागले की तुम्हीही उठा.

पायात पट्ट्याचे सँडल हवेत. किल्ल्याजवळच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. अनवाणी चालायची हौस वाळूवर भागवा.

घोडागाडी घ्यावी का?

गुडघे दुखत असतील तर जरूर घ्या, चाकं पाण्यातून जातात तेव्हा मुलांनाही मजा वाटते. भाव आधी ठरवा, आणि जाऊन-येऊन की फक्त जायचं, तेही. चालता येत असेल तर चालाच. मागे वळून पाहिलं की गाव हळूहळू लांब जातं, ते गाडीच्या हिंदकळण्यात कळत नाही. भरती असेल तर होडी मिळते, पण ती हवामानावर.

ओहोटीची वेळ जमली नाही तर दिवस फुकट जातो का?

उलट गाव पाहायला वेळ मिळतो, आणि अलिबाग गाव फार थोडे लोक पाहतात. कान्होजी आंग्र्यांची समाधी गावातच आहे. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचं निधन झालं. नौदलाचा मुंबईतला तळ आज त्यांच्या नावाने आहे. हिराकोट किल्ला तळ्याकाठी आहे, पण तिथे कारागृह असल्याने बाहेरूनच नमस्कार.

किनाऱ्याजवळ चुंबकीय वेधशाळा आहे. तिची गोष्ट मला अलिबागच्या सगळ्या गोष्टींत जास्त आवडते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत कुलाब्याला घेतल्या जात. मुंबईत विजेवरची ट्राम येणार असं ठरलं आणि पंचाईत झाली, कारण विजेच्या त्या प्रवाहाने नोंदी बिघडणार. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी नव्या जागेसाठी अलिबाग निवडलं. १९०४ मध्ये इथे काम सुरू झालं. पहिली दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जुळावी, आणि १९०६ मध्ये कुलाब्याचं काम थांबलं. यंत्रांच्या इमारतीत लोखंड वापरलेलं नाही, दगड पोरबंदरचा आहे. मुंबईला ट्राम सुरू झाली आणि बंदही पडली, इथली नोंद मात्र आजही चालू आहे. ही काम करणारी संस्था आहे, पर्यटनस्थळ नव्हे. त्यामुळे परवानगीशिवाय आत जाता येत नाही.

तिसरी फेरी इस्रायल आळीची. बेने इस्रायली या इथल्या ज्यू लोकांचं मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, तिथे आहे. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज जवळच्या नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून इथे आले. पुढे ते कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, पण त्यांच्यातल्या जुन्या माणसांची घरची बोली मराठीच राहिली. आत जायचं असेल तर तिथे असेल त्याला विचारा, डोकं झाका, आणि शनिवार टाळा.

पोहता येतं का?

पाय भिजवा, कमरेपर्यंत जा, पुढे नको. पावसाळ्यात तेवढंही नको. दरवर्षी रायगडच्या किनाऱ्यांवर माणसं बुडतात, आणि त्यांत चांगलं पोहता येणारेही असतात. तलावात पोहणं वेगळं आणि ओहोटीचं पाणी पाय खेचत असताना पोहणं वेगळं. नागाव आणि वरसोलीला पाण्यातले खेळ चालतात. जॅकेटचे सगळे पट्टे स्वतः ओढून बघा.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. रुतते, मग भरती येते, मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव.

जेवायला काय आणि कुठे?

कुठे ते सांगत नाही, खानावळी बदलतात आणि स्वयंपाकीही. एक खूण सांगतो: जिथे फळ्यावर आजचे मासे खडूने लिहिलेले असतात आणि दुपारी दोनपर्यंत त्यांतले दोन-तीन पुसलेले असतात, तिथे बसा. सुरमई सगळीकडे मिळते, तिला काही अलिबागला यायला नको. जिताडा मिळाला तर तो घ्या. हा खाडीतला मासा, आमच्याकडे खाडीकाठच्या खारेपाटात शेताजवळच्या तळ्यांत सोडून वाढवतातही. पूर्वी साहेबाकडे काम असलं की जिताडा पोचता व्हायचा, असं इथे गमतीने म्हणतात. महाग असतो, आधी भाव विचारायला लाजू नका. सोबत तांदळाची भाकरी मागा, चपातीवर समाधान मानू नका.

शाकाहारी असाल तर वालाचं बिरडं आहे का विचारा. पनीर तुम्हाला घरीही मिळतं.

पोपटी म्हणजे काय, आणि ती हॉटेलात का मिळत नाही?

कारण ती शेतात लावतात. डिसेंबर ते फेब्रुवारी, वालाच्या शेंगा भरल्या की. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला घालायचा. त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा, मधोमध मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे. वर पुन्हा शेंगा आणि पाला गच्च दाबून तोंड बंद. मग मडकं जमिनीवर पालथं ठेवून भोवती पेंढा नि पालापाचोळा पेटवायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. चर्र असा आवाज आला की झाली पोपटी. वास भांबुर्ड्याचा, बाकी कशाचा नाही. दुसरा कुठला पाला चालत नाही.

हल्ली हिवाळ्यात काही घरगुती मुक्कामांत आधी सांगितलं तर दुपारीही लावून देतात. ओळखीच्या माणसाच्या शेतात योग आला तर मात्र परतीची लाँच विसरा, पोपटी मुळात रात्रीची.

काय विकत घ्यावं?

फेब्रुवारीनंतर आलात तर पांढरा कांदा. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा खंडाळे, कार्ले या बाजूच्या शेतांत होतो आणि वेणीसारखा गुंफून माळेने विकतात. तिखट कमी, गोडसर, कच्चा खायचा. रस्त्याकडेला वर्षभर पांढरा कांदा "अलिबागचा" म्हणून दिसेल, तो अलिबागचा असेलच असं नाही. सुकट, सोडे घ्यायचे तर दोन पिशव्यांत बांधून घ्या, लाँचमध्ये शेजाऱ्यांना सहन व्हायला हवं.

पावसाळ्यात यावं का?

गेटवेच्या लाँच साधारण जून ते ऑगस्ट बंद असतात. रो-रो हवामान असेल तशी चालते. किल्ल्याकडे जायचं डोक्यातून काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे थाळीत खाडीची किंवा बर्फातली मासळी. हिरवं सुंदर असतं, पण ती सहल वेगळी आणि ती रस्त्यानेच होते.

सोबत वयस्कर माणसं आणि लहान मुलं आहेत, झेपेल?

लाँचमध्ये चढता-उतरताना हात द्यायला एक माणूस ठेवा, तेवढंच अवघड. गावात फिरायला विक्रम, मिनीडोर या मोठ्या रिक्षा आणि साध्या रिक्षा आहेत. ज्यांना किल्ला नको ते किनाऱ्यावर सावलीत बसू शकतात. दुपारी बारा ते चार पाठ टेकायला जागा हवी असेल तर वरसोलीला किंवा नागावला वाडीतली एखादी खोली दिवसापुरती मागा. नारळ-सुपारीच्या वाडीतली ती दोन तासांची झोप हा माझ्या मते सहलीचा मुख्य कार्यक्रम आहे.

एकच जास्तीचं ठिकाण करायचं तर कोणतं?

इतिहासाची ओढ असेल तर चौल-रेवदंडा. चौल हे फार जुनं बंदर. रशियन व्यापारी अफानासी निकितीन पंधराव्या शतकात इथेच उतरला होता. रेवदंड्यात पोर्तुगीजांच्या कोटाच्या भिंती आता नारळांच्या वाड्यांतून डोकावतात. वाटेत आक्षीला शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं त्याचं वाचन झालेलं आहे आणि मराठीच्या सर्वात जुन्या लेखांत त्याची गणना होते. पक्ष्यांची आवड असेल तर उलट दिशेला किहीम. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास सुगरणीच्या घरट्यांचं निरीक्षण केलं ते तिथलं. दोन्ही एका दिवसात नको.

"अलिबाग से आया है क्या?" असं विचारलेलं चालतं का?

मुंबईत चालतं. समोरच्याला बावळट ठरवणाऱ्या या वाक्यावर बंदी आणा म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली होती, २०१९ मध्ये ती फेटाळली. इथे रिक्षात बसून विचारून बघा, भाडं वाढेल.

परतीची शेवटची लाँच चुकली तर?

शेवटच्या लाँचची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती सकाळीच मांडव्याला उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. अलिबागहून सुटणारी बस त्या लाँचच्या बऱ्याच आधी निघते, लोक नेमकं तिथेच चुकतात. सूर्यास्त किनाऱ्यावर बसून पाहायचा असेल तर परतीला लाँच धरू नका, सरळ एसटीने जा. अलिबाग आगारातून पेणमार्गे पनवेल आणि मुंबईच्या गाड्या संध्याकाळीही असतात. रविवारी रांग असते, त्यामुळे दुपारीच आरक्षण करून टाका.